पाऊण इंच

दुकानातली पोरगी फरशीवर पेलाभर पाणी ओतते,
म्हणते, काकू, चप्पल काढून चालून बघा.
मी चालते. कोडोलीच्या त्या दुकानात, भर दुपारी,
पदर खोचून, आयव्हरीवरून, बेजवरून,
स्मोक ग्रेवरून.
माझ्या मते ही सगळी मळक्या पांढऱ्याचीच नावं.

सुलेखाने पुण्याहून फोटो पाठवलाय:
चकचकीत, आत पंखा फिरताना दिसतो.
मी म्हटलं, बाई, केर काढताना
रोज माझंच तोंड नको बघायला.
हे बाहेर स्कूटरवर बसून.
म्हणाले, तू ठरव. पाय तुझे.

शेवटी खरखरीत घेतली, दोन बाय दोन,
ताकात चिमूट हळद पडावी तसा रंग.
दोन खोकी जास्तीची, तुटफूट धरून.

मग घर उपसलं.
फ्रिज अंगणात, देव घोरपड्यांच्या फळीवर,
कपाट हललं तसं डाव्या पायाखालून
पुठ्ठ्याची घडी निघाली, एक्क्याण्णव सालची,
बत्तीस वर्षं दाबून दाबून विड्याच्या पानाएवढी पातळ.

कारण घर आमचं उतरतं.
दारापासून मोरीकडे.
डोळ्याला कळत नाही, वाटाण्याला कळतं.
सुपातून निसटला की थेट मोरीच्या कोपऱ्यात.
सुलेखाच्या गोट्या, पोतीचे तुटलेले मणी,
ह्यांची रक्तदाबाची गोळी,
एकदा तर अख्खं लिंबू.
हरवलं म्हणून घरभर कुणी शोधलं नाही कधी,
कोपऱ्यात जाऊन वाकायचं.

मी म्हणायचे, मुलाणी मिस्त्रीने फसवलं तुम्हाला,
लेव्हल चुकली त्याची.
हे म्हणायचे, मुद्दाम आहे.
मी म्हणायचे, हो तर,
चूक निघाली की तुमचं सगळंच मुद्दाम.
दर दिवाळीला एकदा.
पाहुणे आले की आणखी एकदा, त्यांच्यादेखत.

किसनारामने तिपाईवर यंत्र ठेवलं,
चारी भिंतींवर हिरवी रेघ फिरली, विळीच्या धारेसारखी.
शहाबादी पहारीने उचलली.
धूळ अशी की खिडकीतला अजिंक्यतारा
दोन दिवस कुठे गेला कळलं नाही.
घेवर, त्याचा पोरगा, दातांवर रुमाल बांधून,
मोरीजवळची शेवटची फरशी ओढतो आणि थांबतो.
काकू, इथे काहीतरी लिहिलंय.

भिंतीच्या पायाशी, चार बोटं जागेत,
सुताराची जाड पेन्सिल.
एक बाण, मोरीकडे.
बाणाशेजारी ह्यांचं ते डावीकडे कललेलं अक्षर:
ढाळ पाऊण इंच. विसरू नये.
खाली तारीख.
त्या तारखेला मला सातवा चालू होता.
वाकवत नव्हतं.

हे ओसरीत, प्लास्टिकच्या खुर्चीत, पेपर उघडून.
सगळं ऐकू गेलं असणार.
एक पाय काढून दुसऱ्यावर टाकला फक्त.

मी काही बोलले नाही.
बोलायचं तर बत्तीस दिवाळ्या मागे जावं लागलं असतं.
चहा टाकला, साखर अर्धा चमचा जास्त पडली.

किसनाराम विचारतो, बाई, एकदम लेव्हल करू ना?
आजकाल ढाळ कोणी ठेवत नाही,
सगळ्यांकडे मॉप असतो.
मी म्हटलं, सहा सूत दे. मोरीकडे.
तो यंत्राकडे बघतो, मग माझ्याकडे.
लोक म्हणतील, मिस्त्री चुकला.
म्हणू देत, मी म्हटलं.
सांग, मुद्दाम आहे.

ओसरीत पेपरचं पान उलटलं,
ते वाचून झालेलं नसताना.

आठवड्याने कपाट जागेवर आलं.
पुठ्ठ्याची घडी मी टाकली नव्हती, रव्याच्या डब्यामागे होती.
नवी फरशी पायाला अजून परकी लागते,
सकाळी गार, पाहुण्याच्या घरातल्यासारखी.
संध्याकाळी वाटाणे सोलत बसले,
एक सुटला.
खरं सांगायचं तर सोडला.
सांध्यावर जरा अडखळला,
मग निघाला आपल्या वाटेने.
आम्ही दोघंही उठलो नाही.