पूर्णाकाठ गट : पेन्सिलीनं मांडलेला अंदाज

तुरी निघाल्या. ई-क्लासची जमीन मोकयी झाली.
चुन्याचं पोतं आलं. खताच्या चुंगड्या
रेती भरून शिवल्या, त्याच आमच्या बेस.
शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पयला सामना.
मी स्कोर लिहितो, नऊ सालापासून.
धंदा मोटर वायंडिंगचा. लोकं जयालेली मोटर घेऊन येते,
ते ठेवते बाजूले आन् इचारते,
"बेसबॉलचं काय म्हणते औंदा? कोण नेते?"

घ्या मंग.

लोहगव्हाण. मांगच्या सालचा कप सोसायटीच्या कपाटात हाय,
युरियाच्या रजिस्टरामांगं.
त्याईचा पिचर राष्ट्रपाल तेलगोटे.
ज्वारीवरच्या पाखराईनं त्याले निशाणा शिकोला.
त्यानं फेकलेला चेंडू दिसत नाई,
कॅचरच्या पंजात वाजला का समजते.
पन औंदा खांदा धरला त्याचा.
म्हणते, "काई नाई, कापसाचं गाठोडं उचललं, बस."
मी पाह्यलं, चहाची बशी त्यानं डाव्या हातानं उचलली.
हे खारखेडच्या पोट्ट्याईले सांगू नका.
खांदा राह्यला तर पयले, नाई तर दुसरे.

खारखेड. पाणी खारं, बोलणं त्याहून.
तथची जमीन अशी, का पावसात पाय निघत नाई
आन् उन्हात भेगाईत टाच अटकते.
तथी पयलेला पोट्टा मंग कुठंही पयते.
मुनाफ आन् त्याचा चुलतभाऊ जुबेर
बेस असे चोरते, का अंपायर गुणवंतराव
सामना झाल्यावर आपला खिसा चाचपून पाह्यते.
पन मारणारा एक नाई.
पयल्या बेसवर पोचलेच नाई, तर चोरतीन काय?

करजखेडात पैसा आला. रस्त्यात वावरं गेले, मोबदला भेटला.
ड्रेस पिवया, पाठीवर नाव,
नावाखाली पाइपाच्या दुकानाची जाहिरात.
कोच अमरावतीहून येते, त्याची शिट्टीच आठशेची.
नऊ जण, नऊ कप्तान.
फोटो चांगला येईन.

बोरदरा, पार पहाडाच्या पायथ्याशी.
दूधगाडीत येते बिचारे. सामना नवाचा, गाडी अकराची.
सुखलाल दारसिंबे बॅट सोताच घडोते, धावड्याची.
जंगलवाल्या साहेबाले सांगते, कुऱ्हाडीचा दांडा हाय.
ठोका बसला का चेंडू कॅनॉलच्या पल्याड.
मांगच्या सालचे दोन अजून हरभऱ्यात हाय.
त्याईले कोणी शिकोलं नाई,
म्हणून कोणी बिघडोलं बी नाई.
मी म्हणतो, कप हेच नेते.
दुकानात कोणी मानत नाई.

राह्यलं आमचं. नेरझिरी.
मांगच्या सालचं पान काढलं.
पिचर नितेश चाकणले, कंपनीत.
शॉर्टस्टॉप पोलीस भरतीत लागला, पेढे खाल्ले आम्ही.
धम्मदीप सुरतले. तिसऱ्या बेसच्या नावावर
कोणाच्या तरी मोटरच्या ऑइलचा डाग,
खाली कोण होतं, वाचता येत नाई.
उरले आठ.
दोनदा मोजले. त्यात एक नववीतला,
त्याची माय म्हणते, परीक्षेच्या दिवशी सोडणार नाई.

काल शटर ओढत होतो, तं भास्कर गावंडे आला, आमचा कॅचर.
काई बोलला नाई. काउंटरवर ग्लोव्ह ठेवला.
जुना. तांब्याच्या तारानं शिवलेला.
तो मीच शिवला होता, लगनाआधी,
वायंडिंगच्याच तारानं.
"राइट फील्डले उभा राय," म्हणे. "तथी चेंडू येतच नाई."

सुखलाल डावखुरा हाय.
त्याचा तथीच येते.
राइट फील्डच्याच मांगं हाय तो कॅनॉल.

वय शेहेचायीस. चालणारा गुडघा एक.
चार गावाईचं लिहून झालं.
आमच्या नावापुढं जागा कोरी हाय,
पेन्सिल कानावर.
हरण्याचं काई नाई, सवय हाय.
पन मी तथी उन्हात उभा राह्यलो,
तं वही कोण लिहीन?