टेबलाखालचा पाय

मी त्याच्या गळ्याशी माईक लावतो.
बारीक चिमटा, मिऱ्याएवढा काळा मणी,
वायर दिशदाशाच्या आतून, छातीवरून, मागे कमरेला.
खलफान हात बाजूला धरून उभा राहतो,
मॅचआधी पंच बुटांचे खिळे तपासतो
तेव्हा उभा राहत असेल तसा.

चौदा वर्षं चार नंबर.
आधी सूरच्या क्लबाकडून, मग इथे मस्कतला,
मधे एक हंगाम कुवेतमध्ये,
त्याबद्दल तो बोलत नाही.
डाव्या गुडघ्यात दोन स्क्रू.
स्टुडिओचा एसी कुणी सोळावर नेला
की आधी त्यांना कळतं, मग आम्हाला.

पहिल्या महिन्यात माझ्या हेडफोनमध्ये धप् यायचं.
कॉर्नर घेतला की धप्.
बॅक उशिरा वळला की धप् धप्.
केबल बदलली. वरच्या मजल्यावर काम चाललंय का
ते जिना चढून पाहून आलो.
मग एकदा मॅच चालू असताना वाकून बघितलं:
वर मस्सर, अत्तर, तोलून मापून बोलणारा आवाज
आणि खाली उजवा पाय
येईल तो बॉल बाहेर काढत होता.

मी कोल्हापूरचा. मला कुणी समजवायला नको.
आमच्या पेठेतले सत्तरीचे दादा-अण्णा
गॅलरीत बसून पुढच्याच्या पाठीत लाथा घालतात
आणि पुढचाही मागे वळत नाही.
मी तक्रार लिहिली नाही.
रुवीतल्या गादीवाल्याकडून फोमचा तुकडा आणला,
टेबलाला आतून चिकटवला.
दुसऱ्या दिवशी त्याने तो बुटाने चाचपला,
काचेतून माझ्याकडे पाहिलं,
आणि ब्रेकमध्ये हलव्याचा डबा पाठवला. केशराचा.

माझं अरबी सगळं त्याच्याच तोंडचं, कानातून आलेलं.
ऑफसाइड येतं, जादा वेळ येतं,
'बचावफळी झोपली आहे' हे अस्खलित येतं.
टोमॅटो कसे दिले, ते मी अजून हिंदीत विचारतो.
एकदा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे दुखतंय?
मी म्हणालो, डाव्या बगलेतून हल्ला.
त्या हसल्या, पण ईसीजी काढला.

काल सूरचीच मॅच. नव्वदी उलटलेली, एक गोल मागे.
पेनल्टी घ्यायला आला चार नंबर,
मिसरूड फुटलेलं पोर.
बॉल ठेवला. उचलला. शर्टाला पुसला. परत ठेवला.
कानात निर्माता: बोल, खलफान.
खलफान, आठ सेकंद झाले.
खलफान!
मला फक्त श्वास येत होता
आणि मण्यावर घासणारं कापड.
माझं बोट फेडरवर. किती वर नेणार,
वर नेण्यासारखं काही असायला हवं ना.

पोराने बॉल बारवरून घालवला.
कुंपणापलीकडे, खजुरांच्या अंधारात.

फोमवर काहीच आपटलं नाही.
पाय जमिनीवर, दोन्ही, शाळेतल्या मुलासारखे जुळवून.

मग तो बोलला, आणि त्यातलं एक वाक्य
माझ्या अरबीत बसेना, मी नंतर मन्सूरला विचारून घेतलं.
मन्सूर म्हणाला: तो म्हणाला,
'याच्या घरी आता ताट झाकून ठेवतील,
आणि कुणीही टीव्हीचा विषय काढणार नाही.'
त्यानंतर स्कोअर, कार्डं, पुढच्या शुक्रवारची वेळ,
सगळं नेहमीच्या चालीत.

दिवे उतरल्यावर माईक काढायला गेलो.
मणी घामाने ओला.
त्याने हात बाजूला धरले आणि हळूच म्हणाला,
'कुवेत.'
एवढंच.
माईक बंद होता. तरी मी सवयीने मीटरकडे पाहिलं.

कितव्या मिनिटाला, हे मला विचारता आलं असतं.
कुठल्या कोपऱ्यात, हेही.
वायर गुंडाळत राहिलो.