इतिवृत्तातली दुरुस्ती

हडर्सफील्डच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
कायदा बदलायला बसलो आम्ही अकरा जण.
आठ जणांच्या छातीवर नाव आणि हुद्दा.
आम्हा तिघांच्या छातीवर नाव, आणि खाली
'अनुभवी'.
जणू लोणचं घालायला बोलावलंय.

डेलरॉय पिनॉकच्या बुटांना अजून नाड्या नाहीत.
वॉर्डातून सुटला त्याला नऊ वर्षं झाली.
नाड्या परत मिळाल्या होत्या खाकी पाकिटात, सही घेऊन;
पाकीट त्यानं फोडलंच नाही.
ग्वेन बिस्किटं मोजते, बोलत नाही.

मराठीत कलम म्हणजे तीन गोष्टी, मी त्यांना सांगितलं:
कायद्याचं, लिहायचं, गुलाबाचं.
माझ्यावर लागलं ते पहिलं, अठ्ठावीस दिवस.
दुसरं टोकदार म्हणून काढून घेतलं.
तिसऱ्यातही कापतातच,
पण कापल्या जागी लगेच पट्टी बांधतात,
ओल सुटू नये म्हणून.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किती सुंदर.
आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

मसुद्याचं पान बारा:
'रुग्णाचे म्हणणे शक्यतो विचारात घ्यावे.'
मी म्हटलं, 'शक्यतो' काढा.
एकवीस वर्षं बस चालवली या गावात,
तांबड्या दिव्याला 'शक्यतो' नाही थांबले कधी.
थांबले.
वकील म्हणाला, नोंद घेतली.

नोंद मला माहीत आहे.
दर पंधरा मिनिटांनी दाराच्या काचेत टॉर्च:
दोन दहा, जागी.
दोन पंचवीस, जागी.
दोन चाळीस, जागी, खिडकीशी.
का जागी, तो रकानाच नव्हता.

तेव्हा आवाज चढला माझा. चढू दिला.
डेलरॉयनं खिशातून ते पाकीट काढलं,
टेबलावर ठेवलं, तसंच बंद.
त्यात काय, कुणी विचारलं नाही.
ग्वेननं विचारलं.

तीन आठवड्यांनी इतिवृत्त आलं.
मुद्दा सात: 'एक सहभागी भावुक झाल्या.'
पाकीट नाही. ग्वेनचा प्रश्न नाही.
'शक्यतो' जिथल्या तिथं.

स्वयंपाकघरात, उभ्या उभ्याच,
'भावुक झाल्या' खोडलं, वर लिहिलं 'रागावल्या'.
'एक सहभागी' खोडलं, लिहिलं शालन घोरपडे.
समासात जागा कमी पडली.
पान उलटलं,
रात्री दोन दहापासून सुरुवात केली.