छाट धरून

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं आमची खोली.
आई सुपात पानं घेऊन,
मी समोर, मांडीवर हप्त्यावरचा लॅपटॉप.
कोर्स नाही, सर नाहीत.
कुणाचीही साइट उघडायची, आतला कोड बघायचा,
आपल्याकडं मोडून बघायचा,
जुळेपर्यंत झोपायचं नाही.

पहिलं काम संकेश्वरच्या गुळवाल्याचं,
मजकूर सगळा कन्नड.
मला बोलायला येतं, वाचताना अडखळते.
शेजारच्या निंगव्वाची पोर एकेक ओळ म्हणायची,
मी ती चौकटीत बसवायची.
साइट सुरू झाली. पैसे अर्धे आले.
उरलेले विचारले की तो म्हणतो, "नाळे."
दीड वर्ष झालं, त्याचं उद्या उजाडलं नाही.

आईला सांगत होते फ्रीलान्स म्हणजे काय:
पगार नाही, सुट्टी नाही,
केलं तेवढ्याचं मिळतं,
पसंत नाही पडलं तर परत करा, फुकट.
दातानं दोरा तोडत ती म्हणाली,
"म्हंजे हजारीच की.
छाट किती काढतोय तुझा ठेकेदार?"

मी मोजलं कधी नव्हतं.
त्या रात्री मोजलं.
पुण्याच्या गिऱ्हाइकानं बटणाचा निळा
चौथ्यांदा बदलायला सांगितला होता.

आता कुणी भाव विचारला
तर छाट धरूनच सांगते.
तरी आकडा टाइप करताना
बोट थोडं थांबतंच.