त्या दिवसाच्या भावाने

नाकोंडेच्या फाटकापाशी, अलीकडच्या अंगाला,
पालथ्या घातलेल्या बिअरच्या क्रेटवर
नामुकोंडा बसते.
क्रेट एका कोपऱ्यात डुगडुगतो.
मांडीवर कॅल्क्युलेटर, सातचं बटण
झिजून पांढरं पडलेलं.

रस्ता ओलांडला की टुंडुमा, दुसरा देश,
आणि घड्याळ एक तास पुढे.
ती दुकान मांडते (दुकान कसलं, मांडीच ती)
तेव्हा पलीकडे शिलिंगचा भाव
तासभर शिळा झालेला असतो.

क्वाचा म्हणजे उजाडलं.
तिच्या देशाचाही क्वाचा, शेजारच्या मलावीचाही.
दोन्हीकडे सूर्य एक, वेळही तीच;
पण त्यांच्या ओंजळभर पहाटा ओताव्या
तेव्हा हिची एक हाती येते.
"उजाडण्यालाही भाव असतो, बाबा,"
म्हणत ती अंगठ्याला थुंकी लावते.

सहा वर्षांपूर्वी
म्वाकालिंगाने एक खाकी पाकीट तिच्यापाशी ठेवलं.
तांब्याचा ट्रक चालवायचा तो,
किट्वेहून समुद्रापर्यंत, कधी उलटा, पार दक्षिणेला.
पाकिटात तीनशे चाळीस पुला –
पुला म्हणजे पाऊस; कोरड्या देशाने
पैशाला दुसरं काय नाव ठेवावं –
मलावीच्या पहाटांची एक जाड गड्डी,
काँगोचे फ्रँक, हाताळून हाताळून
जुन्या लुगड्यासारखे मऊ झालेले,
आणि झिम्बाब्वेची एकच नोट,
एकावर एक तोललेले धोंडे छापलेली,
एकावर चौदा शून्यं.
आपल्या जुन्या अंकगणितात त्याला जलधी म्हणतात.
एक समुद्रभर डॉलर,
आणि त्यात पाव येईना.

"आज भाव पडलाय," तो म्हणाला, "परत येताना घेतो."
तिने चिठ्ठी लिहून दिली. तारीख घातली.

मग रोज सकाळी
पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी
ती त्याचं पाकीट मोजायची. उघडायची नाही,
नुसतं मोजायची, आजच्या भावाने.
पाऊस थोडा चढला.
मलावीचं उजाडणं अर्ध्यावर आलं.
फ्रँक विरत गेला, उन्हात फडकं विरतं तसा.
शेजारची बाई म्हणाली, खर्च करून टाक गं,
मेलेला माणूस हिशेब मागत नाही.
नामुकोंडा म्हणाली, मेलाय हे कुणी सांगितलं?
आणि त्या दिवशी तिने
एका गिऱ्हाइकाला चुकून जास्त पैसे दिले.

पोरगी आली ती एका मंगळवारी.
निळा स्वेटर, नर्सिंगच्या शाळेचा.
नाव तुसेकिले. हातात चिठ्ठी,
घडीवर फाटलेली, अक्षर हिचंच.
"सेरेंजेच्या वळणावर," एवढंच म्हणाली.
नामुकोंडाने पुढे विचारलं नाही.

कॅल्क्युलेटर बराच वेळ वाजत राहिला.
जे चढलं होतं त्याला आजचा भाव लावला,
जे पडलं त्याला
त्या दिवसाचा.
असा हिशेब कुठल्याच बँकेत शिकवत नाहीत.
मग दोन टक्के कापले.
पोरगीने वर पाहिलं.
"कमिशन," नामुकोंडा म्हणाली. "तुझा बाप
घासाघीस करायचा. तू का करत नाहीस?"

तुसेकिले हसली का, ते नीट दिसलं नाही,
ट्रक आडवा आला.
शिलिंग मोजून तिने स्वेटरच्या आत ठेवले,
हत्ती, गेंडा, सिंह, सगळे एकमेकांना चिकटून.
समुद्राची नोट तेवढी परत सरकवली:
"ही तुम्हीच ठेवा, मावशी."
आणि रस्ता ओलांडून
एक तास पुढे निघून गेली.

दुसऱ्या सकाळी नामुकोंडाने सवयीने
तीनशे चाळीस दाबलं. गुणिलेही दाबलं.
मग बोट तसंच राहिलं.

ते धोंडे तिने चार घड्या घालून
क्रेटच्या कोपऱ्याखाली सारलेत.
आता जरा कमी डुगडुगतं.