शेपट्या

चहाची गाळणी घेऊन मी चारीत उतरलो
तेव्हा सामोड्याच्या पाटकऱ्याला वाटलं, मासे धरतोय.
म्हटलं, नाही गुमानआप्पा, शंख्या.
तो हसला. त्यात खायला असतं काय?

असतं. पण ते नंतर.

बिजाबाई मारनरची अकरा मेंढरं गेली
पौष लागल्यापासून.
आधी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची,
सकाळी लिंबाएवढी, दिवसभर मान खाली घालून चरलं
की संध्याकाळी आंब्याएवढी.
मग पापणीची आतली कड पांढरीफटक.
मग एक दिवस ते उठायचंच नाही.
कोणी म्हणालं करणी.
कोणी म्हणालं, वाघूर ठोकली ती जागाच वाईट.

बाराव्याचं काळीज डॉक्टरांनी दगडावर ठेवून चिरलं
आणि नळ्यांतून पानं निघाली.
करडी, चपटी, कडुनिंबाच्या कोवळ्या पानांसारखी पानं.
ती हलत होती.
बिजाबाई वाकली, बराच वेळ बघत राहिली.
"मनी मेंढीनी पाला खादा," ती म्हणाली,
"तो आठे उगना का?"

बंधाऱ्याच्या सांड्याखाली पाणी झिरपतं
तिथे चैत्रातही गवत हिरवं असतं.
फडाला पाणी पाळीनं, ज्याचं त्याला मोजून.
ही गळती कोणाच्याच पाळीत नाही,
म्हणून ती बगळ्यांची, मेंढरांची, शंख्यांची.
पिंपळनेरच्या वाटेवर तेवढाच एक ओला तुकडा
आणि नेमका तोच.

इंजेक्शनच्या चाळीस रिकाम्या बाटल्या,
लेबलं खरडून, उकळून,
एकेकीत एकेक शंखी.
दवाखान्याच्या खिडकीत उन्हाला मांडल्या.
सदतीस बाटल्यांत पाणी ते पाणीच राहिलं.
तीन बाटल्यांत दहाच्या सुमारास
धूर उठला.

भिंगाखाली धुराला शेपट्या होत्या.

गोगलगाय न् पोटात पाय, म्हणतात.
पाय कसले!
ही पिलावळ पोहत सुटते, काडी गाठते,
शेपूट टाकून देते
आणि खसखशीहून बारीक गाठ होऊन चिकटून राहते
कुठल्यातरी तोंडाची वाट बघत.

मला त्या तिघींचा रागच आला होता.
बाटल्यांत रॉकेल ओतणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले,
थांब, एक फोडून बघ.
फोडली.
अंड्यांची जागा पोखरून नुसती साल उरलेली.
हिला आता पिलं व्हायची नाहीत, ते म्हणाले,
आणि हात धुवायला गेले.
बावीस वर्षं मी इथे परिचर आहे.
चिमट्यात ती टरफलं धरून किती वेळ बसलो, माहीत नाही.
रॉकेल नंतर ओतलंच.

बिजाबाईला औषध दिलं, वजनावर मोजून,
सांगितलं, सांड्याकडे नेऊ नका.
ती म्हणाली, सासरा सांगायचा
दहिवर वाळल्याबिगर कळप सोडू नको.
का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
मग टेकडीकडे बघून म्हणाली,
मग यांना घालू काय?
टेकडीवर कुसळं होती.
आमच्या रजिस्टरात त्या प्रश्नाला रकाना नाही.

परवा सायकलवरून येताना दिसली.
हिरव्याकडे पाठ करून उभी, काठी आडवी धरलेली,
समोर उरलेली मेंढरं.
एकही तिच्याकडे बघत नव्हतं.
सगळी तिच्या पलीकडे बघत होती.