एकोणीस की एकतीस

तपकीर गल्लीत माझं काउंटर तीन फुटांचं.
एक भिंग, एक हॉट एअर गन,
आणि पोट उघडून पडलेल्या यंत्रांची रांग.
शनिवारी नलावडे बाई आल्या, रामटेकडीहून,
पिशवीत दोन नमुने :
एक टॅब, एक स्वस्तातला लॅपटॉप.
म्हणाल्या, "विकणाऱ्यांना विचारून झालं.
आता जिच्याकडे हे मोडून येतं, तिला विचारते."

मी दोन्ही पालथे केले.
माणसाचा चेहरा बघावा, यंत्राची पाठ.
टॅबच्या पाठीवर एकही स्क्रू नाही,
डिंकानं मिटलेलं तोंड.
उघडायचं तर आधी भाजावं लागतं,
आणि दहातले चार भाजतानाच जातात.
लॅपटॉपला नऊ स्क्रू. एक जरा तिरका बसलेला.
"हा थोडा थोडा बिघडेल," मी म्हणाले,
"तो एकदाच."

बाई हसल्या नाहीत. वही काढली.
ट्रस्टचे दोन लाख पंच्याऐंशी हजार.
टॅब घेतले तर एकतीसच्या एकतीस मुलांना,
वर कव्हरांपुरते सुटे.
लॅपटॉप घेतले तर एकोणीस.
"बारा जणांना काय सांगू?
आणि अर्फियानं घरी तो ठेवायचा कुठे?
नावातच मांडी आहे त्याच्या,
हिच्या मांडीवर शाळेतून आल्यापासून भाऊ.
टॅब निदान उभा राहील,
कणकेच्या डब्याला टेकून."

मला उत्तर आलं नाही.
टॅब त्यांच्याच हातात दिला.
"लिहा काहीतरी. निबंध. माझी शाळा."
त्या काचेवर बोटं आपटू लागल्या.
अर्धा पडदा अक्षरांच्या चौकटींनी खाल्ला,
उरलेल्या अर्ध्यात दोन ओळी मावल्या,
तिसरी आली तशी पहिली वर सरकून दिसेनाशी.
"वाचायला बरंय," बाई हळूच म्हणाल्या,
"म्हणजे ऐकून घ्यायला."
मग बराच वेळ त्या समोरच्या दुकानातल्या
चार्जरच्या जुड्यांकडे बघत राहिल्या.

मी पैसे घेतले नाहीत.
सल्ल्याचं बिल कसं करतात
मला अजून कळलेलं नाही.

श्रावण सरता सरता पुन्हा आल्या.
बरोबर अर्फिया, तिच्या कडेवर भाऊ,
आणि एक लॅपटॉप,
पाठीवर नेलपेंटनं काढलेला आकडा : अकरा.
"एकोणीसच घेतले. बारा जोड्या, सात एकटे,
गणित तंतोतंत बसत होतं.
पण एकटं बसायला सात जण मिळेनात हो!
रडारड. एका कोपऱ्यात तर तिघी तिघी.
दोन अजून कपाटातच आहेत,
ट्रस्टला सांगू नका.
हिचं नि रेवतीचं असं ठरलंय :
एकीच्या मांडीवर हा,
एकीच्या मांडीवर भाऊ,
पान भरलं की अदलाबदल."

"झालंय काय याला?"
अर्फियानं पडदा माझ्याकडे वळवला :
माझी गोषट. माझया घरी.
पुसतक. रसता.
डी-ची कळ मेलेली, हलन्त पडतच नव्हता.
सगळी अक्षरं पूर्ण,
सगळी सुटी सुटी,
एकमेकांशी न बोलणारी.

कळीखाली बिस्किटाचा चुरा निघाला,
काठावर दोन बारीक दातांची खूण.
आरोपी कडेवरून माझं भिंग मागत होता.

वीस मिनिटं लागली. तीस रुपये.
हे बिल मला करता येतं.
अर्फियानं एका बोटानं दाबून पाहिलं,
एक अक्षर अर्धं झालं
आणि पुढच्याला जाऊन टेकलं.